गाळणी नियमाला लावा

नळाच्या पाण्यातलं रसायन नाहीसं करण्याचे दोन मार्ग आहेत. एक म्हणजे ते पाण्यातून काढायचं. दुसरा म्हणजे ते नियमातून काढायचं. पहिल्याला कोट्यवधी डॉलर लागतात, दुसऱ्याला एक प्रसिद्धिपत्रक पुरतं. अमेरिकेने दोन्हींत हात घातला आहे.

नॉर्थ कॅरोलायनातलं विल्मिंग्टन शहर केप फिअर नदीचं पाणी पितं. नदीच्या वरच्या अंगाला, फेएटव्हिलजवळ, आधी ड्यूपाँटचा आणि २०१५ पासून केमूर्सचा कारखाना आहे. तिथून जेनएक्स नावाचं रसायन १९८० पासून नदीत जात होतं. शहराला ते कळलं २०१७ च्या जूनमध्ये, आणि तेही वर्तमानपत्रातून. (पेपर कशाला घेता, असं विचारणाऱ्या जावयांसाठी हे कात्रण जपून ठेवावं.) जेनएक्स हे पीफास या सहजी न नासणाऱ्या रसायनांच्या घराण्यातलं रत्न. पाणी उकळा, तुरटी फिरवा, क्लोरीन टाका, ते जागचं हलत नाही. सप्तचिरंजीवांच्या यादीत आठवी जागा काढायला हरकत नाही.

मग पाणीपुरवठावाल्यांनी शुद्धीकरण केंद्रात दाणेदार कोळशाचे भलेमोठे हौद बांधले. २०२२ च्या ऑक्टोबरात ते सुरू झाले. खर्च सुमारे ४ कोटी ३० लाख डॉलर. हा कोळसा रसायन धरून ठेवतो, पण पोट भरलं की थकतो. मग उपसा, भट्टीत तापवा, पुन्हा भरा. म्हणजे बांधकामाचा खर्च एकदाच, कोळशाचा दरवर्षी. कंपनीवर खटला भरला, पण हौद काही निकालाची वाट पाहत थांबू शकत नाहीत. पैसे उभे राहिले ते पाणीपट्टीतून. कंपनीने रसायन नदीत फुकट सोडलं, ते बाहेर काढायचं बिल मात्र पिणाऱ्याच्या नावाने फाटलं. चोर सोडून संन्याशाला फाशी हे आपण ऐकून होतो. इथे दोराचे पैसेही संन्याशानेच भरले.

सरकारने काही केलं नाही असं नाही. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात पीफास आणि तत्सम रसायनांनी बाधलेल्या पेयजलासाठी ९ अब्ज डॉलर ठेवले. थ्रीएम कंपनीने २०२३ मध्ये पाणीपुरवठा संस्थांना किमान १०.३ अब्ज द्यायचं मान्य केलं, तेही २०३६ पर्यंत हप्त्याहप्त्याने आणि दोष कबूल न करता. आमच्याकडे गृहकर्जवाल्याला इतकी मोकळीक मिळत नाही.

२०२४ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने पिण्याच्या पाण्यात मर्यादा घातल्या. दोन प्रमुख पीफास रसायनांना लिटरमागे प्रत्येकी ४ नॅनोग्रॅम, जेनएक्सला १०. जेमतेम वर्षानंतर, २०२५ च्या मेमध्ये, तिने जाहीर केलं की त्या दोघांची मर्यादा राहील, पण मुदत २०२९ ऐवजी २०३१. जेनएक्सची मर्यादा मागे घ्यायचा विचारही तिने तेव्हाच बोलून दाखवला. विल्मिंग्टनकरांनी हौद बांधले, भट्टी पेटवली, बिलं भरली, आणि आता कळतंय की कागदावरून गाळण्याचा स्वस्त मार्गही होता!

या बाबतीत आपण मात्र महासत्ता आहोत. आपल्या पिण्याच्या पाण्याच्या २०१२ च्या मानकात पीफासचं नावच नाही. जी रेघ मारलीच नाही, ती ओलांडणार कोण?

आता इटलीतली गोष्ट. विचेन्झाजवळच्या मितेनी कारखान्याने याच पीफासने साडेतीन लाख लोकांचं पाणी नासवलं. २०१८ मध्ये तो दिवाळखोरीत गेला. २०२५ च्या जूनमध्ये न्यायालयाने ११ अधिकाऱ्यांना मिळून १४१ वर्षांची शिक्षा ठोठावली. कारखान्याची यंत्रं मध्यंतरी लिलावात निघाली, एका भारतीय कंपनीने घेतली, आणि ती आता आपल्या रत्नागिरी जिल्ह्यात, लोटे-परशुराम औद्योगिक वसाहतीत आहेत. उद्या कंपनी म्हणाली, ‘आम्ही सगळे नियम पाळतो’, तर त्यात खोटं काय काढाल?

पाणी स्वच्छ करायच्या निधीचं म्हणाल, तर आपल्याकडे तो घरोघरी ओट्याच्या वर भिंतीला टांगलेला असतो. महापालिकेला कर भरायचा आणि मग तिचंच पाणी आरओतून काढायचं. हे यंत्र पीफासही अडवतं, हे मान्य. अडवलेलं सगळं एका बारीक नळीतून सिंकमध्ये उतरतं, तिथून गटारात, गटारातून नदीत, नदीतून खालच्या शहराच्या नळाला. त्या शहराने आपापला आरओ घ्यावा. सणासुदीला सवलत असते.