फील्डवीर

सागरविज्ञानाच्या कुठल्याही तुकडीत एक तरी फील्डवीर असतोच आणि तो बहुधा डिचोलीचा असतो. डिचोली तालुक्यात खाणी आहेत, मयेचं तळं आहे. समुद्र तेवढा नाही. त्यामुळे त्याचा समुद्राविषयीचा उत्साह निर्भेळ असतो. पेडण्याच्या पोराचं तसं नसतं. लहानपणापासून रापण ओढलेली, त्याला समुद्र म्हणजे घरचं काम.

हरमलच्या खडकांवर जायचं ठरलं की वीर खरेदीला लागतो. जागोजागी खिसे असलेलं जॅकेट, कपाळावर बॅटरी, गळ्यात शिट्टी. शिट्टी कशाला, ते कुणी विचारत नाही.

तारीखही तोच काढतो. मोबाइलवर ओहोटीची वेळ बघतो आणि ती बिनचूक असते. पाणी किती उतरणार, तो आकडा तेवढा बघायचा राहतो. खडकावर कालवं काढत बसलेली मावशी म्हणते, "आज अष्टमी रे बाबा. भांगाला कुठलं पाणी उतरतंय? अवसेला ये, तांबडं फुटायच्या आधी." वीर तिला चंद्रसूर्याचं आकर्षण समजावून देतो. तेवढ्यात तिची आणखी चार कालवं निघतात. तिथीची पाऊणपट करून भरतीचा ढोबळ तास काढायचं गणित पेडण्याच्या पोराला बापाने कधीच शिकवलेलं असतं. पण त्याला विचारतो कोण?

मग क्वाड्रॅट, म्हणजे पाइपची चौकट. ती टाकताना जागा निवडायची नाही, हा नियम. निवडली तर जिथे प्राणी जास्त तिथेच मोजदाद होते आणि अख्खा किनारा भरगच्च ठरतो. वीर डोळे मिटून टाकतो. मिटण्याआधी एकदा नीट बघून घेतो. चौकटीत पांढरे बार्नकल, खडकाला घट्ट चिकटलेले, काही नखाएवढे, काही टाचणीच्या डोक्याएवढे. ते धरायचे की नाही, यावरून पहिली मोजणी 212 भरते, दुसरी 187. वीर वहीत सरासरी लिहितो : 199.5. अर्धा बार्नकल कुठे बसलाय, असं सर विचारतात. वीर वाकून शोधू लागतो.

नमुन्यांच्या बाटल्यांवर तो जेल पेनने नावं घालतो, तीही लॅटिन. अक्षर मोत्यासारखं. खरं तर चिठ्ठी पेन्सिलीने लिहून बाटलीच्या आत टाकायची असते; स्पिरिटने शाई जाते, पेन्सिल राहते. कदंबच्या बसमध्ये एक बूच सैल होतं आणि पणजी येईपर्यंत सगळ्या लॅटिनचा निळा ओघळ झालेला असतो. पेडण्याच्या पोराने कानामागच्या बोथट पेन्सिलीने लिहिलेल्या चिठ्ठ्या तेवढ्या वाचता येतात.

वीर मनाने वाईट नाही. पहाटे सगळ्यांना उठवतो तोच, कालवाच्या कडेने पाय कापला तर पट्टी त्याच्याच खिशात सापडते. शेवटी अहवालही तोच वाचतो आणि झकास वाचतो. आकडे पेडण्याच्या पोराचे असतात.

तुमच्या तुकडीत हे दोघेही असतील तर शिट्टी वीराकडेच राहू द्या. तारीख मात्र दुसऱ्याला विचारा.