तेरा तालुके मोकळे

नगर जिल्ह्यात चेअरमन हे पद कमी आणि नातं जास्त. एकदा लागलं की सुटत नाही. निवडणुकीत पडलेल्या चेअरमनला गाव माजी म्हणत नाही. तो पारावर बसला तरी चेअरमनच, आणि त्याची बायको बचत गटात चेअरमनीण.

साखर कारखान्याचे चेअरमन निराळे. त्यांच्या गाडीच्या पुढंमागं गाड्या असतात. मी सांगतोय ते गावच्या दूधसंस्थेचे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. एक सहीचं, दुसरं कोणी मागितलं तर द्यायचं, त्यात शाई नसते. बोलण्याची सुरुवात कुठल्याही विषयावर १९५० सालापासून. "आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना कुठं झाला? आपल्या प्रवरानगरला! विठ्ठलराव विख्यांनी उभा केला. आन् पहिले चेअरमन कोण? धनंजयराव गाडगीळ. एवढा मोठा अर्थशास्त्रज्ञ, पण शेवटी चेअरमन व्हावंच लागलं." इथं ते जरा थांबतात. गाडगीळांच्या रांगेतलं पुढचं नाव ऐकणाऱ्याला आपोआप सुचावं म्हणून.

या चेअरमनला डॅशबोर्डचं वेड लागतं ते बारामतीच्या कृषी प्रदर्शनात. पडद्यावर रंगीत खांब वरखाली होत असतात, कोणीतरी बोट लावतं आणि अख्ख्या गोठ्याचा हिशेब उलगडतो. परतीच्या वाटेवर चेअरमन गाडीत गप्प. ते गप्प बसले की संचालकांच्या पोटात गोळा येतो. खर्च येणार हे त्यांना कळलेलं असतं.

आकड्यांना तोटा नसतोच. सकाळ-संध्याकाळ मशीन प्रत्येकाच्या दुधाचं फॅट आणि एसएनएफ काढून पावती फाडतं. भाव ठरवणारे ३.५ आणि ८.५ हे दोन आकडे गावाला पोरांच्या वाढदिवसापेक्षा जास्त पाठ. त्यात २०२४ मध्ये सरकारनं गायीच्या दुधाला लिटरमागं ५ रुपये अनुदान जाहीर केलं, आणि ते पदरात पडावं म्हणून गायीच्या कानातल्या बिल्ल्याचा १२ आकडी नंबरसुद्धा भरावा लागला. तेव्हापासून संस्थेच्या कॉम्प्युटरात माणसांपेक्षा जनावरांची माहिती जास्त आहे.

मग डेव्हलपर शोधायचा. जाहिरात-बिहिरात नाही. गावातला एक पोरगा हिंजवडीच्या कंपनीत असतो आणि घरून काम करतो, म्हणजे गावाच्या मते रिकामाच असतो. त्याला सकाळच्या संकलनाच्या वेळी बोलावणं जातं.

"कोणाचा रं तू?" हा मुलाखतीतला पहिला प्रश्न. उत्तर चेअरमनना ठाऊक असतं, पण विचारायची पद्धत आहे. "तुझा बाप माझ्या वर्गात व्हता. गणितात कच्चा." पात्रतेची तपासणी इथं संपते.

पोरगा लॅपटॉप उघडतो. "चेअरमन, आधी तुमची रिक्वायरमेंट सांगा."

"म्हंजी?"

"म्हणजे तुम्हाला नक्की काय पाहिजे ते."

"ते तू सांगायचं. पैसे तुला मिळणार का मला?"

पैशाचा विषय असा अचानक निघाल्यावर पोरगा घाईघाईनं चाळीस हजार म्हणून मोकळा होतो. चेअरमन सचिवाकडं बघतात, सचिव कॅनकडं बघतो. "चाळीस हजारात चांगली कालवड येती. ती उद्या वेती, दूध देती. तुझा डॅशबोर्ड काय देतो?"

"माहिती देतो."

"माहिती मला हायेच की."

आणि हे खोटं नसतं. कोणाची गाय आटली, कोणी पशुखाद्य उधार नेलं, कोणाच्या कॅनमध्ये पाणी असतं आणि ते विहिरीचं की नळाचं, हे सगळं चेअरमनच्या डोक्यात असतं. डॅशबोर्ड त्यांना कळण्यासाठी नकोच असतो, लोकांना दिसण्यासाठी हवा असतो. सौदा अठरा हजारांवर ठरतो. आगाऊ रक्कम म्हणून एक चहा.

पहिली आवृत्ती बघून चेअरमन म्हणतात, "नकाशा कुठाय?"

"कशाचा?"

"जिल्ह्याचा. क्षेत्रफळानं राज्यात सगळ्यात मोठा जिल्हा आपला, १४ तालुके."

"पण चेअरमन, आपली संस्था एका गावाची आहे."

"तेरा तालुके मोकळे ठेव. वाढीला वाव दिसला पायजे."

मग रंग. भगवा नको, निळा नको, हिरवा नको, लाल तर नकोच. कुठल्याच पार्टीचा नाही असा रंग शोधता शोधता शेवटी शेणाचा उरतो. दूधसंस्थेला तो शोभूनही दिसतो. मग बाण. उन्हाळ्यातल्या संकलनाचा बाण खाली गेलेला असतो. "हा वर कर."

"आकडा कमी झालाय, बाण वर कसा जाईल?"

"आकडा ऱ्हाऊ दे ना. मी फक्त बाणाचं बोलतोय."

चेअरमनना या सगळ्यात कुठं लबाडी आहे असं मनापासून वाटत नाही. त्यांचं भाषणसुद्धा तयार असतं: "हिवरे बाजारला पाण्याचा ताळेबंद मांडत्यात, आपण दुधाचा मांडू." हिवरे बाजार त्यांना तोंडपाठ. गावात पडलेला पाऊस मोजतात, पाण्याचा हिशेब ग्रामसभेपुढं ठेवतात आणि पाणी कमी असलं तर कुठलं पीक घ्यायचं नाही तेही तिथंच ठरवतात. तिथल्या पोपटराव पवारांना २०२० मध्ये पद्मश्री जाहीर झाली, हेही ते सांगतात. आकडा सभेपुढं ठेवला की मग आपणही त्याचं ऐकायचं असतं, एवढंच सांगायचं राहून जातं.

वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावीच लागते. मंगल कार्यालयात भाड्याचा पडदा लागतो. अहवाल वाचला जातो, "मंजूर, मंजूर" होतं. नकाशा झळकतो, तेरा तालुक्यांच्या मोकळ्या जागेला टाळ्या पडतात. चेअरमन खुशीत येऊन म्हणतात, "हे नुसतं चित्र न्हाई. कोणीबी या, बोट लावा, उत्तर मिळंल."

हे वाक्य त्यांना प्रदर्शनातल्या माणसानं शिकवलेलं असतं. त्याचा अर्थ गावाला आधी कळतो.

एक म्हातारी मावशी उठते. "माझं फॅट दाव बरं बाळा." पोरगा नाव निवडतो. ३.४. शेजारणीचं ३.५. मग मागून एक आवाज येतो, "ज्याचं सगळ्यात जास्त, त्याला वर घे की!" पोरगा इमानदारीनं बटण दाबतो. पडदा हलतो आणि वरची चार खाती चमकू लागतात: चेअरमन, चेअरमनीण, थोरला, धाकटा. वर्षभर, उन्हाळा-पावसाळा, ४.६. गोठे शेजारशेजारचे, गायी एकाच जातीच्या, चारा एकाच ओढ्याकाठचा.

"चेअरमन," मागचा आवाज पुन्हा येतो, "गायींना काय घालता तेवढं सांगा. आम्हीबी घालू."

चेअरमन चष्मा पुसतात, माईक हातात घेतात. "आता आयत्या वेळचे विषय." आयत्या वेळचा विषय तर पडद्यावरच चमकत असतो.

दुसऱ्या दिवशी पोरगा शिव्या खायच्या तयारीनं संस्थेत जातो. चेअरमन हसतमुख. पाठीवर थाप. "काम झकास केलंस. एकच बदल कर. पडदा हाय तसा ठेव, फक्त कोणी बोट लावलं तरी हलायचं न्हाई आसं कर."

"म्हणजे फोटो लावायचा?"

"फोटो न्हाई, डॅशबोर्डच. पण स्थिर. सरकार कसं स्थिर लागतं!"

पोरगा मान डोलावतो आणि बिलाचा कागद पुढं सरकवतो. चेअरमन तो वाचतात, खिशातलं दुसरं पेन काढून त्याच्या हातात देतात.

"हलायचं काम कमी झालं ना आता? मग तेवढे पैसेबी कमी कर."