पोरायसाठी

तुळशीचं लग्न लागलं की वाशीमात एका विशिष्ट जातीचा बाप जागा होतो. उन्हाळाभर तो कूलरसमोर आडवा असतो. पावसाळाभर आभाळाकडे बघत सोयाबीनची काळजी वाहतो, मग स्वतःच्या नावावर धुराभर जमीन नसली तरी चालतं. पण कार्तिक सरता सरता त्याच्या अंगात वारं शिरतं. डोक्यात कानटोपी, अंगात बिनबाह्यांचं स्वेटर आणि हातात मोबाइल अशा वेषात तो व्हॉट्सअ‍ॅपवर नवा ग्रुप उघडतो. जुना ग्रुप असतोच. पण मागच्या हुरड्याच्या हिशोबावरून त्यातून निम्मे लोक निघून गेलेले असतात.

ग्रुपवरचा पहिला संदेश ठरलेला असतो : ‘थंडीचे दिवस हायेत. पोरायसाठी काहीतरी करा लागते.’

या बापाला कुणी हौशी म्हणतं, कुणी रिकामटेकडा. दोन्ही अन्याय आहेत. आमच्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पोरांना घेऊन बाहेर पडणाऱ्या माणसाकडे लोक संशयाने बघतात. पावसाळ्यात शेत आणि चिखल. म्हणजे माणसाने माणसासारखं घराबाहेर हिंडावं असे महिने उरले मोजून तीन. त्यातच सोयाबीन विकून गावात पैसा खुळखुळलेला, लग्नतिथी निघालेल्या, तूर शेंगांवर आलेली, शाळांची गॅदरिंग लागलेली. बारा महिन्यांचं बापपण या तीन महिन्यांत उरकायचं असतं. धावपळ होणारच.

हंगामाची सुरुवात एकबुर्जी धरणापासून होते. हिवाळ्यात तिथे लांबलांबचे पक्षी उतरतात. बाप पहाटे पाचला दिवा लावतो आणि घोषणा करतो, “उठा बे! ते पाखरं हजारो कोसावरून आले, अन् तुमाले अंथरूण सुटत नाही?” या युक्तिवादाला गोधडीतून उत्तर येत नाही. धरणावर पोहोचल्यावर पोरगी विचारते, “पप्पा, हा कोणता?” बाप डोळे बारीक करतो. “बदक.” “आणि तो लांब पायाचा?” “तेही बदकच. सायबेरियातलं.” पोरगी मोबाइलवर नाव शोधून काढते. बाप म्हणतो, “तेच तं म्हणून राहिलो मी.”

मग येते दत्तजयंती. नृसिंह सरस्वतींचं जन्मस्थान असलेलं कारंजा आपल्याच जिल्ह्यात, म्हणजे जाणं आलंच. पण नुसतं देवदर्शन करून परतणं त्याच्या हिशेबात बसत नाही. आधी शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथ, पुढे कारंज्याला गुरुमंदिर, तिथून सोहोळच्या अभयारण्यात काळवीट : एका पेट्रोलमध्ये दोन देव आणि एक हरीण. शिरपूरची मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे अशी श्रद्धा आहे. बाप ती गोष्ट इतक्या तपशिलात सांगतो, की पोरं दर्शनाच्या वेळी थेट जमिनीशी डोकं लावून फट शोधू लागतात आणि आईला त्यांना कॉलर धरून उठवावं लागतं. काळवीट मात्र दिसतंच असं नाही. दिसलं तर बाप म्हणतो, “पाहा!” नाही दिसलं तर म्हणतो, “आत्ता होतं.”

प्रवासात त्याचं भाषण चालू असतं. वाशीम जिल्हा अकोल्यातून फुटून निघाला १ जुलै १९९८ रोजी, हे तो असं सांगतो की वाटणीला हा स्वतः बसला होता. पण त्याचा खरा जीव वाकाटकांत आहे. वाशीम म्हणजे जुनं वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. त्या शाखेचा हरिषेण राजा पाचव्या शतकातला, आणि अजिंठ्याचं १६ क्रमांकाचं लेणं कोरवून घेणारा वराहदेव हा त्याचा मंत्री. म्हणून शाळेची सहल अजिंठ्याला निघाली की हा बाप पालक-प्रतिनिधी म्हणून बसमध्ये चढतो आणि तिथे पोहोचल्यावर तिकीट काढताना कुरकुरतो. आपल्याच राजाच्या काळातल्या लेण्यात शिरायला पैसे कसले?

लग्नसराईत तर विचारूच नका. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचं लग्न वत्सगुल्मातच लावलं आहे. तो गांधर्व विवाह होता हे बरं झालं. नाहीतर या बापाने तिथेही वराकडच्या गाड्या कुठे लावायच्या हे ठरवलं असतं आणि पंगतीत हातात बुंदीचं पातेलं घेऊन “अजून एक घ्या बाप्पा, लाजू नका” असं म्हणत साहित्यविद्येच्या मामाला अपचन केलं असतं.

संक्रांत आली की सूत्रं बायकोकडे जातात. हळदीकुंकवाला पुरुषांचं काम नसतं, म्हणून याला कामं तेवढी मिळतात : खुर्च्या आणा, तीळ आणा, आणलेला तीळ चुकीचा आहे, परत जा. वाण काय लुटायचं यावर तो मत देतो. त्याच्या मते स्टीलची डबी टिकाऊ. बायकोने प्लास्टिकच्या चाळण्या आधीच आणलेल्या असतात. मग बायका जमल्या की तो दोन घरं सोडून तिसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो. तिथे आणखी चार बाप आधीच बसलेले असतात.

गॅदरिंगमध्ये पोरगं मावळा झालेलं असतं. रंगमंचावर मावळे चाळीस, समोर मोबाइल ऐंशी. आपलं पोरगं नीट टिपता यावं म्हणून बाप पुढे जातो, मागचे बाप त्याला टिपतात. घरी येऊन व्हिडिओ पाहावा तर मावळ्यांच्या जागी एक टक्कल.

या सगळ्याची बायको साक्षीदार असते आणि मजूरही. रोडग्यांचा बेत बाप ठरवतो. कणीक ती मळते, वांगी ती चिरते. गोवऱ्यांच्या आरात रोडगे भाजायला मात्र तो पुढे. धुराने डोळे लाल करून घेतो, अन् आलेल्यांना म्हणतो, “आज मी केलं सारं.” एकदा तिने विचारलं, “पोराले विचारलं का, त्याले यायचं हाय का नाही?”

“त्याले काय विचाराचं? पोरायसाठीच तं करून राहिलो ना हे सारं!”

हंगामाचा शेवट असतो हुरडा. तो जमवणं आता सोपं राहिलेलं नाही. सोयाबीन आलं आणि ज्वारी मागे हटली; हुरड्याजोगं कणीस कुणाच्या वावरात आहे हे शोधायला ओळख लागते. बापाकडे ती असते. शेतात आगटी पेटते, भाजलेली कणसं चोळून गरम दाणे पोत्यावर पडतात, सोबत गूळ, दही, तिखट चटणी आणि तुरीच्या शेंगा. सहा बाप मांडी घालून बसलेले. रथसप्तमीला डव्ह्याच्या नाथनंगे महाराजांच्या यात्रेला कोण कुणाच्या गाडीत जाणार, यावर चर्चा रंगात आलेली.

तेवढ्यात एकाच्या लक्षात येतं.

“पोरं कुठी हायेत?”

माझं ट्यूशनला गेलं. माझ्या पोरीची सोमवारी टेस्ट. माझा लातूरला, क्लासले. माझा म्हणे, पप्पा, तुम्हीच जा. सहाव्याने तर आपलं पोरगं सोबत येतंय की नाही हे निघताना पाहिलंच नव्हतं.

क्षणभर कुणी बोललं नाही. मग आमच्या बापाने परिस्थिती हातात घेतली. पुढच्या वर्षी पोरांना आणायचंच, असा ठराव त्याने मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. पोत्यावर बराच हुरडा शिल्लक होता. तो पोरांच्या वाट्याचा म्हणून बाजूला काढण्यात आला, आणि थंड झाल्यावर हुरड्याला चव राहत नाही म्हणून पोरांच्या वतीने लगेच खाऊनही टाकण्यात आला.