सेन्सर मोठा, लेन्स उपाशी

लग्नाची ऑर्डर द्यायला नवऱ्या मुलाचा चुलतभाऊ येतो आणि पहिला प्रश्न टाकतो, "फुल फ्रेम आहे ना?" आधीचं काम दाखवा, हळदीला किती जण येणार, अल्बम कधी मिळणार, हे सगळं त्यानंतर. साताऱ्यात पोवई नाक्यावर विचारा, सांगलीत विश्रामबागेत विचारा, कराडला नाहीतर विट्याला विचारा, कोणताही फोटोग्राफर हेच सांगेल. हा प्रश्न दोन-चार वेळा ऐकला की तालुक्याच्या गावातलं विशी-पंचविशीतलं पोरगं 'शून्य टक्के व्याज' अशा पाटीखाली जाऊन उभं राहतं. सीझनची कमाई हातात यायच्या आधीच ती हप्त्यांना बांधली जाते.

हे थांबायला हवं. खिशात लाख-सव्वा लाख असतील तर क्रॉप सेन्सरची मिररलेस बॉडी घ्या आणि उरलेला पैसा लेन्समध्ये घाला. सातारा-सांगली या दोन जिल्ह्यांत जे काम मिळतं, त्यातल्या बहुतेक कामाला एवढं पुरतं.

आधी हिशेब समजून घेऊ. फुल फ्रेम सेन्सर ३६ बाय २४ मिलिमीटरचा, म्हणजे ८६४ चौरस मिलिमीटर. सोनी, निकॉन, फुजीचा क्रॉप साधारण २३.५ बाय १५.६ चा, म्हणजे ३६६ च्या आसपास. कॅननचा त्याहून जरा लहान. क्षेत्रफळात फरक सव्वादोन-अडीच पट. एकाच एफ-नंबरला, एकाच शटरला फुल फ्रेम तेवढा जास्त प्रकाश गोळा करतो. फोटोग्राफीच्या भाषेत सव्वा स्टॉप. हा फरक खरा आहे, तो नाकारण्यात अर्थ नाही.

पण ३६ बाय २४ हे माप कुठल्या प्रयोगशाळेने सर्वोत्तम म्हणून काढलेलं नाही. जर्मनीत लाइट्झ कंपनीत ऑस्कर बर्नाक नावाच्या माणसाने सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी चालवली, सिनेमाची फ्रेम दुप्पट केली आणि १९२५ साली लायपझिगच्या जत्रेत लायका बाजारात आला. मोठ्या काचेच्या प्लेटवर काम करणाऱ्या त्या वेळच्या स्टुडिओवाल्यांना हीच फ्रेम चिमुकली वाटत होती. डिजिटलमध्येही आधी क्रॉप रुळला, कारण मोठा सेन्सर बनवणं फार महाग होतं. कॅननचा फुल फ्रेम ५डी २००५ चा, सोनीचा पहिला ए७ २०१३ चा. तोवर अनेकांनी क्रॉप कॅमेऱ्यावर लग्नं काढली, आणि ते अल्बम आजही घराघरांत आहेत.

आता हळदीला चला. मंगल कार्यालयाचं मागचं अंगण, रात्रीचे आठ, दोन पिवळे हॅलोजन आणि मांडवाच्या कडेने एलईडीच्या माळा. करवल्या हळद घेऊन धावतायत, नवरी हसत तोंड फिरवते आहे. फोटोग्राफरच्या हातात नवी कोरी फुल फ्रेम बॉडी आहे आणि पुढे बॉडीबरोबर आलेली किट लेन्स. कॅननच्या आर८ बरोबर २४-५० मिलिमीटर येते, निकॉनच्या झेड५ बरोबरही २४-५०. दोन्हींचं तोंड ५० ला एफ ६.३ पर्यंतच उघडतं. हात हलताना पकडायचा तर शटर १/१२५ च्या खाली नेता येत नाही. तेवढ्या उजेडात आयएसओ चढतो आठ हजारांवर.

शेजारी दुसरा उभा आहे. त्याच्याकडे क्रॉप बॉडी आणि सिग्माची १८-५०, एफ २.८. वजन तीनशे ग्रॅमच्या आत. सोनीसाठी ही लेन्स २०२१ पासून मिळते, आणि कॅननने आरएफ माउंट सिग्माला उघडून दिल्यावर २०२४ पासून कॅननवाल्यांनाही. तोच उजेड, तेच शटर, आणि आयएसओ सोळाशे.

पाचपट फरक. त्यातून मोठ्या सेन्सरचा सव्वादोन-अडीच पटीचा फायदा वजा करा, तरी क्रॉपवाला दुपटीने पुढे राहतो. मामीच्या हातावरची ओली हळद एकाच्या फोटोत पिवळी दिसते, दुसऱ्याच्या फोटोत चिखलासारखी. ज्याने जास्त पैसे मोजले, त्याचा फोटो खराब आला.

हे दुकानात कोणी सांगत नाही. बॉडीचा खोका मोठा, त्यावर स्टिकर मोठा, आणि यूट्यूबवर परीक्षण करणारा जो कॅमेरा दाखवतो त्याला पुढे बॉडीपेक्षा महाग लेन्स लावलेली असते. फुल फ्रेमला तशी एफ २.८ ची झूम घ्यायची तर वर आणखी पाऊण लाख ते लाख लागतात, कंपनीची सगळ्यात वरची घेतली तर त्याच्या दुप्पट. ती पुढच्या सीझनला घेऊ, असं ठरतं. पुढच्या सीझनला हप्ते चालू असतात.

दुसरा हट्ट ब्लरचा. "मागचं सगळं उडालं पाहिजे," असं प्री-वेडिंगचं जोडपं मेणवलीच्या घाटावर उभं राहून सांगतं. एवढा सुंदर घाट, नाना फडणवीसांच्या वाड्याजवळचा, त्याच्या दगडी पायऱ्या धुरकट करून टाकायला इथवर यायचं कशाला, हे मला कधी कळलेलं नाही. तरीही ब्लर हवाच असेल तर तो सेन्सरइतकाच लेन्स देते. सिग्माची ५६ मिलिमीटर एफ १.४ क्रॉपवर लावा. चौकट मिळते ८५ ची, आणि ब्लर फुल फ्रेमवरच्या एफ २.१ एवढा. फुल फ्रेमवाल्याच्या ८५ एफ १.८ मध्ये आणि या फोटोत अर्ध्या स्टॉपचाही फरक राहत नाही. कुठला फोटो कुठल्या कॅमेऱ्याचा हे नवरा-नवरीला ओळखता येत नाही, आणि फोटोग्राफरलाही बहुधा नाही.

तिसरा गैरसमज छपाईचा. बारा बाय छत्तीसचा करिझ्मा अल्बम उघडला की एक पान बारा बाय अठरा इंचांचं. ३०० डीपीआयने छापायचं तर ३६०० बाय ५४०० पिक्सेल लागतात, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर ते सहज भरतो. रीलला तर त्याच्या दहाव्या भागाइतकेच लागतात. 'मोठ्या प्रिंटला फुल फ्रेमच लागतो' असं सांगून कोणी महाग बॉडी गळ्यात मारत असेल तर त्याला हा गुणाकार करून दाखवा.

लग्नं सोडा, निसर्गाकडे या. इथे तर क्रॉपची बाजू आणखी भक्कम आहे. मायणीच्या तलावावर थंडीत पक्षी येतात, पाण्याची पातळी जमली तर रोहितही उतरतात, पण ते काठापासून लांब. ४०० मिलिमीटरची लेन्स क्रॉपवर ६०० ची चौकट देते. फुल फ्रेमवाला म्हणतो, मी नंतर कापून घेईन. घ्या. २४ मेगापिक्सेलचा फोटो क्रॉपच्या चौकटीइतका कापला की हातात दहा मेगापिक्सेल उरतात. क्रॉपवाल्याकडे तेवढ्याच पक्ष्यावर पूर्ण २४ आहेत. वजनही बघा. सोनीची फुल फ्रेमची २००-६०० दोन किलोंच्या वर जाते, क्रॉपची ७०-३५० सहाशे पंचवीस ग्रॅमची. तोंडं वेगळी, पल्ला वेगळा, हे मान्य. पण सागरेश्वराच्या टेकड्यांवर दुपारभर चालायचं असेल तर कुठली लेन्स हातात राहील आणि कुठली बॅगेत, हे विचारायला नको.

आणि कास. सप्टेंबरात पठारावर सीतेची आसवं फुलतात. नखाएवढं निळं-जांभळं फूल, केसासारखा देठ, खाली बोटभर ओली माती आणि कातळ. वाऱ्याची झुळूक आली की ते चौकटीच्या बाहेर जातं. इतक्या जवळून फोटो काढताना फोकसमधली जागा एवढी पातळ असते की पाकळी धारदार आली तर देठ जातो. एकाच चौकटीला, एकाच एफ-नंबरला क्रॉपवर ही जागा थोडी जास्त खोल मिळते. फुल फ्रेमवर ती मिळवायला तोंड आणखी बंद करावं लागतं, मग आयएसओ वाढतो, आणि मोठ्या सेन्सरचा फायदा तिथेच संपतो. साताऱ्याचं नाव ज्याच्या शास्त्रीय नावातच आहे तो वायतुरा असो की सात वर्षांनी फुलणारी टोपली कारवी, त्यांना तुमच्या सेन्सरचं माप ठाऊक नाही. त्यांना तुमच्या बुटाचं माप कळतं. लांब पल्ल्याची किंवा मॅक्रो लेन्स असेल तर पायवाटेवरूनच फोटो मिळतो. वाइड किट लेन्सवाला वाट सोडून फुलांत शिरतो, आडवा होतो, आणि त्याच्याखाली पुढच्या वर्षीचं बी चिरडतं. २०१२ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान मिळालेल्या जागेत हे दर रविवारी होतं, आणि ते बघून संताप येतो.

बैलगाडी शर्यतींचं थोडक्यात. २०२१ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने वाट मोकळी केल्यापासून खटाव-माण, खानापूर-आटपाडीकडची मैदानं पुन्हा गाजतायत आणि तिथे फोटोग्राफरांना काम आहे. स्वस्त बॉडीत, मग ती क्रॉप असो वा फुल फ्रेम, सायलेंट शटरवर चाकाचे आरे वाकडे येतात, कारण सेन्सर वरून खाली सावकाश वाचला जातो. मेकॅनिकल शटर किंवा निदान इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन लावा. आणि मैदानाच्या धुळीत लेन्स बदलू नका.

मग फुल फ्रेम कोणी घ्यावा? ज्याच्याकडे चांगल्या लेन्स आधीच आहेत त्याने. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिरात प्रयोगाचे फोटो काढणाऱ्याने, कारण तिथे फ्लॅश मारता येत नाही आणि काळोखातला चेहरा हेच काम असतं. १८४३ मध्ये जिथे 'सीतास्वयंवर' झालं त्या गावात नाटकाचे फोटो नीट निघालेच पाहिजेत. तिथे एफ १.८ च्या लेन्सवर आणखी सव्वा स्टॉप मिळत असेल तर तो घ्यावा.

लग्नवाल्यासाठीही फुल फ्रेमच्या बाजूने एक मुद्दा आहे, पण तो सेन्सरचा नाही. तो कार्डाचा आहे. सोनी ए६४००, कॅनन आर५०, आर१०, निकॉन झेड५०, या सगळ्या बजेट क्रॉप बॉडींत एकच कार्ड बसतं. कार्ड मेलं की सप्तपदी गेली, आणि ती पुन्हा घेता येत नाही. झेड५ मध्ये दोन कार्डं बसतात, सोनी ए७ थ्रीमध्ये दोन, आणि क्रॉपमध्ये कॅनन आर७ मध्येही दोन. उलट आर८ फुल फ्रेम असूनही एकाच कार्डावर चालतो. म्हणून त्या चुलतभावाने विचारायचंच असेल तर विचारावं, "डेटा एकाच वेळी दोन कार्डांवर जातो का?" या प्रश्नावर जो गडबडेल त्याला ऑर्डर देऊ नये. एकाच कार्डाची बॉडी हाती असेल तर कार्डं लहान ठेवा, विधी संपला की कार्ड बदला, आणि मुख्य विधींना दोन बॉडी लावा. दोन क्रॉप बॉडी एका लेन्ससह एका चांगल्या फुल फ्रेम संचाच्या पैशांत बसतात, आणि एक बंद पडली तर दुसरी असते.

जुना माल घ्यायला हरकत नाही. बरेच जण मिररलेसकडे वळल्याने डीएसएलआर स्वस्तात निघतायत. शटर काउंट बघा, लेन्सच्या काचेतून आरपार टॉर्च मारून बुरशी बघा. महाबळेश्वर-पाटणकडच्या पावसाळ्यात बुरशी लागायला एक ओला आठवडा पुरतो, त्यामुळे हवाबंद डबा आणि सिलिका जेल ही चैन नाही. नवीन घेताना पक्कं बिल घ्या. डिजिटल कॅमेऱ्यावरचा जीएसटी २०१९ च्या जानेवारीपासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो वाचवायला बिनबिलाचा माल घेतला तर वॉरंटी जाते आणि विम्याच्या वेळी हातात कागद राहत नाही. सांगलीच्या बाजारपेठेत २०१९ ला आणि पुन्हा २०२१ ला कृष्णेचं पाणी शिरलं. कॅमेरा बुडाला तरी हप्ता बुडत नाही. विमा काढा.

आणि दिवाळीच्या पाडव्याला बॉडी घ्यायला निघायच्या आधी घरी बसून एक काम करा. गेल्या सीझनचे फोटो लॅपटॉपवर उघडा आणि आयएसओप्रमाणे लावा. बहुतेक फोटो बत्तीसशेच्या खाली असतील तर मोठ्या सेन्सरने तुमचं काहीच बदलणार नाही. बरेच सहा हजार चारशेच्या वर गेले असतील तर त्या फोटोंचा एफ-नंबर बघा. तिथे ५.६ नाहीतर ६.३ दिसला तर दुकानात बॉडीच्या कपाटाकडे जाऊ नका, लेन्सच्या कपाटाकडे जा. एफ १.८ किंवा २.८ लावूनही आकडा तेवढाच चढत असेल, तर फुल फ्रेम घ्या, आणि तो घेताना किट लेन्स नको म्हणून सांगा.