कार्बनचा टंच

रस्त्यावरच्या शर्यतीच्या सायकलीत सगळ्यात जास्त बोललं जातं ते फ्रेमबद्दल, आणि फ्रेमच्या बोलण्यात सगळ्यात आधी वजन निघतं. पोलादी फ्रेम दोन किलोंच्या आगेमागे. ॲल्युमिनियमची त्याहून बरीच हलकी. कार्बनची चांगली फ्रेम आठशे-नऊशे ग्रॅममध्ये मिळते आणि वरच्या दर्जाची सातशेच्या खाली उतरते. २०२० मध्ये आलेल्या स्पेशलाइज्ड एथोसच्या सर्वांत हलक्या फ्रेमचं वजन कंपनी ५८५ ग्रॅम सांगते. रविवारी पहाटे बेंगळुरूहून नंदी हिल्सकडे निघणाऱ्यांना हे आकडे पाठ असतात आणि ज्यांना पाठ नसतात त्यांना ते समजावून सांगणं हा या छंदाचाच एक भाग आहे. खालच्या संवादात समजावणारा भाचा व्हाइटफिल्डच्या एका कंपनीत कामाला आहे. ऐकणारा मामा बेंगळुरूच्याच नगरथपेठेतला गलाईवाला. विटा-खानापूर-आटपाडीकडून सोनं-चांदी गाळायचा धंदा घेऊन जी माणसं देशभर गेली, त्यांच्यातला एक.

भाचा : मामा, सोपं आहे. माझी आत्ताची फ्रेम ८९० ग्रॅमची, दोन लाखांची. ही दुसरी ६९० ची, साडेचार लाखांची.

मामा : थांब. जड ती दोनला आन् हलकी ती साडेचारला? उलटं बोलत न्हाईस न्हवं?

भाचा : हलकी आहे म्हणून तर महाग.

मामा : म्हंजे दोनशे ग्रॅम, ईस तोळं माल त्यांनी काढून ठेवला, आन् तो काढल्याबद्दल अडीच लाख तुज्याकडनंच घ्यायचं. आमच्यात असं केलं तर पोलीस येत्यात.

भाचा : तो माल काढायलाच अक्कल लागते. मजुरी समजा.

मामा : ग्रॅमला साडेबाराशे पडलं. चांदीच्या वर, सोन्याच्या खाली. भाव वाईट न्हाई. फकस्त जो माल न्हाई त्याचा भाव हाय.

वजन का घटतं हे कळायला फ्रेम कशाची असते ते पाहावं लागतं. कार्बनचा एक तंतू पाच ते सात मायक्रॉन जाडीचा, केसाच्या दहाव्या हिश्श्याएवढा. असे हजारो तंतू शेजारी शेजारी अंथरून इपॉक्सी राळेत भिजवतात. त्या पातळ पत्र्याचे शेकडो तुकडे कापून साच्यात एकावर एक, ठरलेल्या कोनात रचतात, आतून फुग्याने दाब देतात आणि भाजून काढतात. १९८६ मध्ये ग्रेग लेमाँडने टूर दि फ्रान्स जिंकली त्या सायकलीच्या कार्बन नळ्या ॲल्युमिनियमच्या सांध्यांत चिकटवलेल्या होत्या. हल्ली सांधेही कार्बनचेच असतात. बहुतेक कामं तैवान आणि चीनमध्ये होतात, फ्रेमवरचं नाव इटालियन असलं तरी.

भाचा : आणि मटेरियलमध्येही फरक आहे. जुनीत टी-७००, नवीत टी-८००.

मामा : ह्यो टंच का? सोन्याचा कस असतो तसा?

भाचा : तसंच काहीसं.

मामा : मग कसोटीवर घासून कळंल?

भाचा : नाही.

मामा : तेजाब?

भाचा : नाही हो. प्रयोगशाळेत तुकडा कापून कळेल कदाचित.

मामा : आन् कापल्यावर?

भाचा : फ्रेम गेली.

मामा : मग आठशे हाय ते सांगितलं कुणी?

भाचा : स्टिकर आहे.

मामा : आमच्यात बी पूर्वी सोनार सांगंल तो टंच धरायचे. त्यापायीच सरकारनं हॉलमार्क आणला.

टी-७००, टी-८०० हे आकडे टोरे या जपानी कंपनीच्या तंतूंचे आहेत. टी-७०० चा ताठपणा २३० गिगापास्कल, टी-८०० चा २९४, एम-४०-जे या जातीचा ३७७. आकडा वाढला की तेवढ्याच ताठपणासाठी माल कमी लागतो, म्हणून वजन उतरतं. पण ताठ तंतू ताणला जात नाही, लवकर तुटतो : टी-७०० तुटण्याआधी दोन टक्क्यांच्या वर ताणला जातो, एम-४०-जे सव्वा टक्क्याच्या आतच संपतो. म्हणून अख्खी फ्रेम एकाच जातीची नसते. पायाचा जोर येतो तिथे ताठ, दणका बसतो तिथे चिवट, अशी मिसळण करतात, आणि कारखान्याचं खरं कसब तुकडे रचण्यात असतं. स्टिकरवर त्यातलं सगळ्यात भारी नाव येतं. दोन फ्रेमांची तुलना स्टिकरवरून करणं म्हणूनच फारसं कामाचं नाही. भाच्याला हे ठाऊक होतं, पण सोयीचं नव्हतं.

भाचा : हॉलमार्क यातही आहे! यूसीआय म्हणून सायकलिंगची जागतिक संघटना आहे. २०११ पासून फ्रेमवर त्यांचं मान्यतेचं लेबल लागतं.

मामा : त्यात टंच लिवलाय?

भाचा : आकार नि मापं नियमात बसतात, एवढंच.

मामा : बांगडी गोल हाय म्हनून शिक्का मारला. बरं. वजनाचा काय नियम?

भाचा : आहे ना. २००० सालापासून शर्यतीतली अख्खी सायकल ६.८ किलोंच्या खाली चालत नाही.

मामा : आन् खाली गेली तर?

भाचा : वजन घालतात. मोठमोठ्या संघांच्या मेकॅनिकांनी शिशाचे तुकडे घातलेत आत.

मामा : आदी पैसं दिऊन वजन काढायचं, मग शिसं घालून भरायचं. आमच्यात पोकळ दागिन्यात लाख भरत्यात, पन ती गिऱ्हाइकापास्नं लपवून.

डिस्क ब्रेक आल्यापासून सायकलींचं वजन पुन्हा वाढलं आणि शिशाची गरज बरीच कमी झाली. कमी वजनाचा उपयोग मात्र चढावरच. नंदीची टेकडी १४७८ मीटर उंच, शेवटची चढण सात-आठ किलोमीटरची. तिथे ताकद मुख्यतः सायकल आणि स्वार मिळून जे ओझं होतं ते वर उचलण्यात जाते. ते ओझं ८० किलो धरलं तर २०० ग्रॅम म्हणजे त्याचा पाव टक्का.

भाचा : पाव टक्का लहान वाटतो. पण शर्यतीत पाव टक्क्यावर निकाल लागतात.

मामा : तू किती वेळात चढतोस?

भाचा : अर्ध्या तासात.

मामा : अर्ध्या तासाचा पाव टक्का, साडेचार सेकंद. म्हंजे सेकंदाला पंचावन्न हजार.

भाचा : असं भागायचं नसतं मामा.

मामा : मग कसं भागायचं?

भाचा : आणि स्वतःचं वजन कमी कर हे सांगू नका. ते घरी सांगतात.

मामा : मी कशाला सांगू? तुजं वजन फुकट कमी होतंय. फुकटच्या मालाला आमच्यात भाव नसतो.

सपाटीवर तर वजनाचं फारसं चालतच नाही. ताशी ४० किलोमीटरला बहुतेक सगळी ताकद हवा कापण्यात जाते, आणि हवेला आडवं येतं ते प्रामुख्याने स्वाराचं अंग. म्हणून कंपन्या मधल्या काळात हलकी फ्रेम वेगळी आणि हवा कापणारी वेगळी विकत होत्या. आता दोन्ही एकीतच बसवायचा कल आहे. ट्रेक कंपनीने २०२४ मध्ये हलक्या एमोंडाचं काम हवा कापणाऱ्या मॅडोनकडे देऊन एमोंडा थांबवली. ज्याने दोन्ही घेतल्या होत्या त्याचं काय, हा प्रश्न तुलनेच्या तक्त्यात येत नाही. आराम हा मुद्दा थोडक्यात आटोपण्यासारखा आहे : बेंगळुरूच्या सर्व्हिस रोडवर कुठल्याही फ्रेमपेक्षा २८ किंवा ३२ मिलिमीटरचा टायर आणि त्यातली थोडी कमी हवा जास्त उपयोगी पडते.

मामा : शेवटचं. मोड किती?

भाचा : म्हणजे?

मामा : मोडीत घातली तर काय येईल?

भाचा : जुनी म्हणून विकता येते. पडून चीर गेली तर काही नाही.

मामा : वितळवून?

भाचा : वितळत नाही. राळ एकदा भाजली की कायमची. तापवली तर जळते.

मामा : मुशीत बी न्हाई?

भाचा : मुशीत तर अजिबात नाही.

गलाईवाल्याला याहून वाईट काही ऐकवता आलं नसतं. दुरुस्ती मात्र होते. तुटलेल्या जागेभोवती घासून उतार करतात, नवे थर चढवतात, तापवून पक्के करतात. वजन थोडं वाढतं. म्हणजे मामाच्या हिशेबाने किंमत उतरते. खरी पंचाईत न दिसणाऱ्या चिरेची. रंगाखालचे थर सुटलेले वरून कळत नाहीत. त्यासाठी अल्ट्रासाउंडची तपासणी आहे, आणि कारागीर आधी एक नाणं घेऊन फ्रेमवर ठकठक करत जातात. धड जागी आवाज टणक येतो, सुटलेल्या जागी बद्द.

मामा : हे बेस हाय. आमचं म्हातारं रुपाया असाच वाजवून घ्यायचं. मग आता घेऊ नगंस म्हनून सांगतो.

भाचा : ...

मामा : ह्या खोक्यात काय हाय?

भाचा : घेतली. हप्त्यावर. म्हटलं तुमच्या काट्यावर एकदा वजन करू, घरचा स्वयंपाकघरातला काटा भरवशाचा नाही.

फ्रेम काट्यावर नुसती ठेवता येत नाही, तिला बसायला बूड नसतं. चांदीच्या विटा तोलायच्या मोठ्या काट्यावर मामाने स्टीलची वाटी पालथी घातली, वाटीचं वजन शून्य केलं, वरच्या नळीखाली बोट लावून फ्रेम तोलली, हळूच बोट काढलं. आकडा ७४८ वर थांबला.

मामा : अठ्ठावन्न ग्रॅम जास्त. साडेबाराशेनं बाहत्तर हजार पाचशे. तेवढं त्यांनी माघारी द्यायला पायजेत.

भाचा : असं होणार नाही. तुमच्या काट्यात फरक असेल.

मामा : काय म्हनलास?

भाचा : म्हणजे, सोन्याचा काटा आहे, कार्बनला...

मामा : ग्रॅम सोन्याचा वायला आन् कार्बनचा वायला असतो व्हय रं? ह्या काट्यावर अख्ख्या पेठेचा माल तोलतोय. कुनाची हिंमत झाली न्हाई.

भाचा : तुम्ही सकाळपासून थट्टाच करताय. मी पाच वाजता उठून पन्नास किलोमीटर मारतो, ते नाही दिसत तुम्हाला. सगळं भट्टीत घालून भावच काढायचा.

मामा : उठ की. दोन लाखवालीवर उठ. हप्ता कुनी फेडायचा, सुनंनं?

भाचा : तिला यात ओढू नका.

कंपनीचं वजन साधारणपणे मधल्या मापाच्या फ्रेमचं असतं, बऱ्याचदा रंग न दिलेल्या; सीटपोस्टची पकड, मागच्या डिरेलरचा हँगर, स्क्रू यांशिवाय. नुसता रंगच बरेच ग्रॅम खातो. मोठं माप, जाड रंग आणि बसवलेला हँगर मिळून पन्नास-साठ ग्रॅमचा फरक पडणं नेहमीचं आहे, आणि हाताने थर रचलेल्या मालात एकाच साच्यातल्या दोन फ्रेमाही तंतोतंत एका वजनाच्या निघत नाहीत. तुलना करायची तर दोन्ही एकाच मापाच्या, सारख्याच सुट्या भागांसह, एकाच काट्यावर तोलाव्यात.

मामा : मग घट-बीट धरून सांगायचं. आमच्यात बिलावर खडं येगळं, सोनं येगळं लिवत्यात.

भाचा : तेच म्हणतोय. हँगर काढून परत ठेवू या. स्क्रूही काढतो.

मामा : आदी काटा खोटा म्हनलास ते माघारी घे.

भाचा : खोटा नाही म्हणालो. फरक असेल म्हणालो.

मामा : येकच.

भाचा : एक नाही. बरं, पंखा तरी बंद करा, वाऱ्यानं आकडा हलतोय.

मामा : वाऱ्यानं अठ्ठावन्न ग्रॅम? खोकं बाजूला घे, गिऱ्हाईक आलंय.