खळखळराव आणि पोपट

उरणात खळखळराव एकच नाहीत. न्हावा-शेव्याचे बंदर १९८९ मध्ये सुरू झाले आणि या जातीची पैदास वाढली. क्लिअरिंगच्या धंद्यात तीस वर्षे दुसऱ्याच्या मालाचे कागद फिरवायचे, निवृत्त व्हायचे आणि मग एखाद्या सहलीत नाशिकची द्राक्षमळ्यातली वायनरी बघून यायची. जाताना हा गृहस्थ क्वार्टर, सोडा आणि खारे शेंगदाणे एवढ्यावर सुखी असतो. येताना मात्र घोट तोंडात खळखळवायला शिकून येतो. त्यानंतर तो ताकाचा पेलासुद्धा गरगर फिरवून, नाक आत घालून मगच ओठाला लावतो.

परवा खळखळरावांचा बोटीवरचा भाचा लिस्बनहून विमानाने परतला. प्रवाशाला दोन लिटरपर्यंत सूट असते, त्या हिशेबात त्याने मामासाठी दोन बाटल्या आणल्या. नाव ‘पेरिकीता’. तिकडच्या दुकानात पाचेक युरोंना मिळणारी, रोजच्या जेवणातली लाल वाईन. खळखळरावांनी चष्मा लावून लेबल असे वाचले, जणू बिल ऑफ एंट्रीच. मग पाठ केलेले सांगितले: लिस्बनच्या दक्षिणेला आझेताव नावाचे गाव, तिथली फोन्सेका कंपनी, १८५० पासूनचे नाव, द्राक्ष कास्तेलाव जातीचे. रीतसर मागवली असती तर ड्युटीच दीडशे टक्के, हेही दोनदा सांगितले.

“पण पेरिकीता म्हणजे काय हो, नाना?” शेजाऱ्याने विचारले.

“छोटा पोपट,” खळखळराव म्हणाले आणि त्यांना त्या उत्तराचा लगेच पश्चात्ताप झाला.

पोपट आधी बुचातच अडकला. खोलायचा स्क्रू घरात नव्हता, तेव्हा पेचकसाने बूच आत ढकलण्यात आले आणि सदऱ्यावर जांभळी नक्षी उमटली. तरी खळखळराव डगमगले नाहीत. जगातले निम्मे बूच एकटा पोर्तुगाल पुरवतो, एकदा काढलेली साल पुन्हा काढायला झाडाला नऊ वर्षे द्यावी लागतात, हे त्यांनी सदरा पुसत ऐकवले. वर, ‘बूच’ हा शब्दच मुळी पोर्तुगीजांचा आणि पाणी भरायचे ‘पिंप’ही त्यांचेच, तिकडे पिपा म्हणजे वाईनचा मोठा लाकडी बुधला. हे खरे आहे. कारंजा-उरणवर पोर्तुगीजांचे राज्य होते. ते गेले, पिंप मोरीत राहिले.

वाईन ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी म्हणून बाटली दिवसभर ओट्यावर ठेवलेली. आता ही रूम युरोपातली, सोळा-अठरा अंशांची. उरणातल्या मे महिन्यातल्या स्वयंपाकघराची नव्हे. पहिला घोट काढ्यासारखा लागला. मग बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये, कोलंबीच्या डब्याशेजारी. बाहेर आल्यावर खळखळरावांनी डोळे मिटून खळखळ केली आणि जाहीर केले: रास्पबेरी, थोडे चामडे, मागाहून देवदार. जमलेल्यांपैकी कोणीच रास्पबेरी पाहिलेली नव्हती. इराण्याकडचा लाल सोडा तेवढा ठाऊक. खुद्द खळखळरावांचीही ओळख तिथलीच.

बायकोने एक चमचा चाखला. “करवंदासारखी लागते. थोडी तुरट.”

सगळ्या संध्याकाळचे अचूक वाक्य हेच होते. कास्तेलावला लाल बेरीची आंबटगोड चव असते आणि सालीतल्या टॅनिनने जीभ आवळते. करवंदही तेच करते. पण खळखळरावांनी ते ऐकले नाही. ते तळलेल्या बांगड्याकडे वळले होते. लाल वाईनमधल्या लोहाची माशातल्या तेलाशी गाठ पडली की तोंडात नकोशी, उग्र मासळीची चव मागे राहते. खळखळरावांनी तोंड वाकडे केले आणि ठपका बांगड्यावर ठेवला.

दुसऱ्या रविवारी भाच्याने मामाचीच परीक्षा घेतली. पेरिकीताच्या रिकाम्या बाटलीत नाशिकची लाल वाईन भरली. खळखळराव रंगले. “हा खरा लिस्बनचा वारा!” म्हणाले. शेजाऱ्याने नाशिकची बाटली टेबलावर ठेवली आणि एकच शब्द उच्चारला. तो कोणता, ते वर येऊन गेले आहे.

फार हसू नये. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात बोर्दो विद्यापीठातल्या वाईनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांना पांढरी वाईन निव्वळ लाल रंग घालून दिली, तर त्या शिकल्यासवरल्या मंडळींनीही तिच्यात लाल वाईनचेच गंध शोधून काढले होते. खळखळरावांनी हे कुठेसे वाचले आणि कात्रणासारखे खिशात ठेवले आहे. विषय निघाला की ते पहिल्यांदा बोर्दो काढतात, नाशिक नंतर.

पहिल्या बाटलीत आता मनी प्लँट आहे. दुसरीचे बूच भाच्याने स्क्रू आणून सरळ काढले. ते फिनेलच्या बाटलीला अगदी घट्ट बसले.