बायोसवाले काका

सोसायटीत डॉक्टर नसला तर चालतं, बायोसवाला लागतोच. नोकरीने तो बँकेत असतो, नाहीतर वीज मंडळातून निवृत्त झालेला. पण कुणाचा पीसी सुरू होता होता अडला की निरोप त्याच्याकडे. सर्व्हिस सेंटरचं नाव काढलं तरी त्याचा चेहरा आंबट होतो. "ते काय करणार? फॉरमॅट मारणार!"

आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला : "शेवटचं काय केलंत?" उत्तरही ठरलेलं : "काहीच नाही हो काका."

निळ्या पडद्यावर 'इनअ‍ॅक्सेसिबल बूट डिव्हाइस' उमटतं. घरच्यांच्या तोंडचं पाणी पळतं, काकांचे डोळे चमकतात. मग एफ टू, एफ टेन, डिलीट अशा सगळ्या कीज बडवून ते बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू करून देणाऱ्या फर्मवेअरमध्ये, शिरतात आणि आधी घड्याळ बघतात. तारीख २०१६ ची! म्हणजे मदरबोर्डवरची सीआर २०३२ बॅटरी गेली. भिंतीवरचं बटण बंद झालं आणि बायोस सगळं विसरून मूळ सेटिंगवर गेलं. या पीसीत डिस्कशी बोलायचं मूळ सेटिंग रेड मोडचं, विंडोज टाकलेलं एएचसीआय मोडवर. डिस्क ठणठणीत, फायली जागच्या जागी, फक्त विंडोजचं आणि डिस्कचं बोलणं बंद. मोड बदला, कोपऱ्यावरच्या घड्याळवाल्याकडून सेल आणा, झालं. दहा मिनिटांचं काम.

पण दहा मिनिटांत उठेल तो बायोसवाला कसला! त्याला मशीन सुरू होण्यापेक्षा दोष कुणाचा हे ठरण्यात जास्त रस. २०१३ मध्ये सॅमसंगचे काही लॅपटॉप लिनक्स सुरू करताच कायमचे गेले, तेव्हा सगळ्यांनी लिनक्सला धरलं. मग मॅथ्यू गॅरेट या प्रोग्रॅमरने विंडोजमधून फर्मवेअरची साठवण भरून तसाच लॅपटॉप मारून दाखवला. हे सांगताना काकांना पुतण्या बोर्डात आल्यासारखा आनंद होतो. लिनक्सचीही ते गय करत नाहीत. २०१७ च्या डिसेंबरात उबुंटू १७.१० चं डाउनलोड मागे घ्यावं लागलं, कारण त्यातल्या एका ड्रायव्हरमुळे लेनोवोच्या कित्येक लॅपटॉपवर बायोसची सेटिंग्ज सेव्हच होईनात. आणि २०२३ च्या ऑगस्टमध्ये विंडोजच्या अपडेटनंतर एमएसआयच्या बोर्डांवर 'अनसपोर्टेड प्रोसेसर' आलं, तेव्हा उपाय निघाला तो नव्या बायोसमधून.

त्यांचा सगळ्यात लाडका किस्सा मात्र निराळा. फर्मवेअरने विचारलं, "तू विंडोज का?" तर लिनक्स बिनदिक्कत "हो" म्हणतं, "तू लिनक्स का?" विचारलं तर "नाही". बोर्ड बनवणारे बहुतेक विंडोजवरच तपासून मोकळे होतात, मग खरं बोलून मार कोण खाणार? इथे काका स्वतःच इतके हसतात की चहा बशीत सांडतो.

"पण काका, आमचं चालू कधी होणार?" काकू विचारतात.

ते केव्हाच चालू झालेलं असतं. काकूंनी टॅक्सच्या पावत्या उघडलेल्याही असतात. काका खुर्ची पुढे ओढतात. "बायोस फार जुनं आहे हो. यूपीएस आहे ना घरात? अपडेट मारताना मध्येच लाइट गेले तर बोर्ड संपला."

काकू माउस सोडत नाहीत.